येझदीसाठी घरी केलेलं लिक्विड पॉलिश : कुठं चुकलं?

भट्टीकर | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. खंडेनवमीला तीन आठवडे राहिलेत. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या शॉपमध्ये त्या दिवशी लेथपासून व्हर्नियरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं आणि शेवटी दारात वडिलांची १९८४ ची येझदी रोडकिंग उभी राहते. तिचं क्रँककेस कव्हर, सायलेन्सरची जोडी आणि रिम चकाकली नाहीत तर वडील पेढा घेत नाहीत. दरवर्षी दुकानातली बाटली आणतो. यंदा म्हटलं स्वतः करू, त्यात काय एवढं.

अर्धा लिटर रॉकेल, अर्धा लिटर पाणी, दोन चमचे धुण्याचा सोडा (तेलकटपणा सुटावा म्हणून), थोडं भांड्याचं लिक्विड आणि शॉपमधली व्हॉल्व्ह लॅपिंगची एमरी पावडर. पावडरीच्या डब्यावरचा नंबर केव्हाच पुसला गेलाय. ड्रिलला सळई लावून घुसळलं.

निकाल असा. दहा मिनिटांत पावडर तळाला. दुसऱ्या दिवशी तिची वीट झालेली, सळईनंसुद्धा फुटेना. रॉकेल वर, पाणी खाली. तरी हौस दांडगी, हलवून हलवून कव्हरवर घासलं. आता कव्हर राखाडी दिसतंय आणि उन्हात धरलं की बारीक रेघांचं जाळं. एका सायलेन्सरवर पण वर्तुळं उमटलीत.

वडिलांनी अजून बघितलेलं नाही. गाडीवर ताडपत्री टाकून ठेवलीय. कोण सांगेल का काय काय चुकलं?

रंकाळ्यावर | सोमवार, रात्री १०:५२

भावा, ताडपत्री काढू नको. एवढंच सांगतो.

पांढरी_रांगोळी | सोमवार, रात्री ११:१५

एवढा खटाटोप कशाला? लिंबू, मीठ आणि रांगोळी. आमच्या आज्जीचा तांब्या अजून सोन्यासारखा दिसतो.

रसायनवाल्या_मॅडम | मंगळवार, सकाळी ७:०५

रांगोळीकर, तांब्याचा तांब्या आणि ॲल्युमिनियमचं कव्हर या वेगळ्या गोष्टी आहेत. तांब्यावरचा काळा-हिरवा थर आंबटानं सुटतो, चिंचेनं सुटतो, म्हणून आज्जीचं बरोबर. पण तेच लिंबू-मीठ ॲल्युमिनियमवर राहिलं तर मिठातला क्लोराइड त्याला टोचे पाडतो. आणि रांगोळीत नेमकं काय दळलंय हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. मऊ डोलोमाइट असेल तर ठीक. गारेचा चुरा असेल तर तो काच ओरखडतो, तिथं ॲल्युमिनियमचं काय.

भट्टीकर, आता तुमचं. चुका चार आहेत, आणि चारही माझ्या विद्यार्थ्यांनी माझ्यासमोर केलेल्या आहेत, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

पहिली चूक सोडा. घरात ॲल्युमिनियमचं पातेलं कधी धुण्याच्या सोड्यानं घासून बघा, काळं-राखाडी पडतं. आईला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा एक पातळ पापुद्रा बसतो, तोच त्याला जपतो. साधारण ४ ते ८.५ या पीएचच्या (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, ७ म्हणजे मधला) दरम्यान तो टिकतो. त्याखाली आम्लात विरघळतो, त्यावर अल्कलीत. सोड्याचं पाणी ११ च्या घरात जातं. तुमचं कव्हर घासण्याआधीच खरवडलं गेलं होतं.

दुसरी एमरी. लॅपिंगची पावडर धातू खाण्यासाठीच असते, तिनं तिचं काम केलं. पॉलिशमधला कण एक ते पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवा. अंदाज यावा म्हणून सांगते, २००० नंबरच्या वॉटर पेपरवरचा कण दहा मायक्रॉनच्या आसपास असतो.

तिसरी म्हणजे तळाला बसलेली वीट. कण द्रवात किती वेगानं खाली जातो हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. दहा मायक्रॉनचा ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइड, एमरीतही मुख्यतः तेच) कण साध्या पाण्यात बोटभर उंचीची बाटली दहा-बारा मिनिटांत उतरतो. एक मायक्रॉनचा तेवढ्यालाच सतरा-अठरा तास घेतो. तुम्हाला दहा मिनिटांत तळ दिसला, म्हणजे डब्यात काय होतं ते तुमचं तुम्हीच मोजलंत.

चौथी रॉकेल-पाण्याची. त्यांना बांधून ठेवणारा साबण तिथल्या तिथं तयार व्हावा लागतो. भांड्याच्या लिक्विडनं ते दहा मिनिटं जमतं, दहा दिवस नाही. त्याबद्दल संध्याकाळी लिहिते, आत्ता नातीची रिक्षा यायची वेळ झाली.

मोल्डिंगवाला | मंगळवार, दुपारी १:२०

मॅडम, दंडवत. शिरोलीत फौंड्रीत आहे. वीट होऊ नये म्हणून आमच्याकडं औषध आहे : बेंटोनाइट, एक जातीची चिकणमाती. साच्याच्या वाळूत आम्ही तेच घालतो, वाळूचे कण धरून ठेवायला. माल कच्छचा. पाण्यात भिजवलं की फुगतं, दह्यासारखं बसतं, हलवलं की पातळ, ठेवलं की परत घट्ट. पॉलिशची पावडर त्यात लटकून राहील.

भट्टीकर, शॉपला येऊन एक डबा घेऊन जा. फक्त वापरलेल्या वाळूतनं नको, कोरं पोतं फोडून देतो. वापरलेल्यात कोळशाची भुकटी असते, पॉलिश काळं होईल.

आणि मिक्सिंग करताना मास्क लाव. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. आमच्या धंद्यात ही गंमत न्हाई.

पुणेकर_तात्पुरता | मंगळवार, दुपारी २:०२

विकतचं पॉलिश शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. बाटली आणावी, विषय संपवावा.

रंकाळ्यावर | मंगळवार, दुपारी २:०४

विषय संपवायला आमी धागा वाचत न्हाई वो.

रसायनवाल्या_मॅडम | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

मोल्डिंगवाल्यांचं बेंटोनाइट एकदम योग्य. आम्ही याला थिक्सोट्रॉपी म्हणतो, तुम्ही दही म्हणालात ते जास्त चांगलं आहे. एक सावधगिरी : खाणीतल्या बेंटोनाइटमध्ये गारेचे खडे येतात. फौंड्रीला त्यानं फरक पडत नाही, तुमच्या कव्हरला पडतो. म्हणून भरपूर पाण्यात घोळून, पातळ असतानाच पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवायचं, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं आणि तळाचा कचकचीत गाळ फेकून द्यायचा. बोटांच्या चिमटीत चोळून कचकच लागते का बघा. मग रात्रभर भिजू द्या.

आता साबण. रॉकेलमध्ये ओलेइक ॲसिड विरघळवायचं आणि पाण्यात ट्रायइथेनॉलअमाइन. दोन्ही एकत्र आले की जिथं तेल आणि पाणी भेटतं नेमकं तिथंच साबण बनतो, त्यामुळे थेंब फार बारीक होतात. जुन्या पद्धतीत ट्रायइथेनॉलअमाइनच्या जागी अमोनिया असतो. पितळेच्या पॉलिशचा तो डोळ्यात पाणी आणणारा वास त्याचाच. तांबे-पितळेवरचा थर अमोनिया छान विरघळवतो, पण ॲल्युमिनियमसाठी पीएच हाताबाहेर जायची भीती, म्हणून तुमच्यासाठी नको.

वजनानं शंभर भाग धरून :

पाणी ५२, बेंटोनाइट २, रॉकेल किंवा रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन २५, ओलेइक ॲसिड ४, ट्रायइथेनॉलअमाइन २, ॲल्युमिना १५.

चाराला दोन हे प्रमाण डोळे झाकून दिलेलं नाही. दोघांच्या रेणूभाराचा हिशेब केला की ४ ग्रॅम ओलेइकला साधारण २.१ ग्रॅम लागतं. दोनवर ठेवलं की ओलेइक किंचित उरतं आणि पीएच आटोक्यात राहतो. तयार झाल्यावर पीएच पट्टी लावा, साडेआठच्या वर गेला तर वापरू नका.

तेल पाण्यात ओतायचं, पाणी तेलात नाही. बारीक धारेनं, घुसळत. ॲल्युमिना सगळ्यात शेवटी, चमच्या-चमच्यानं.

मोल्डिंगवाला | मंगळवार, संध्याकाळी ७:११

ॲल्युमिना बाहेर शोधू नको. आमच्या लॅबमध्ये कास्टिंगचे नमुने मायक्रोस्कोपखाली बघायच्या आधी मखमलीवर ॲल्युमिनानं पॉलिश करतात. कुठला सप्लायर, कुठला ग्रेड ते लॅबच्या पोराला विचारून सांगतो. एक मायक्रॉनचा लई महाग पडतो, तीनचा घे.

डेंटर_पेंटर | मंगळवार, रात्री ९:४८

एक हात जोडून विनंती. चकाकी टिकावी म्हणून बरेच लोक यात सिलिकॉन ऑइल टाकतात. ते टाकू नका. टाकलंच तर ती गाडी माझ्या गॅरेजला रंगवायला आणू नका. पत्र्यावर सिलिकॉनचा अंश राहिला की रंग त्या जागी बसतच नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. घासून काढलं तरी परत पडतात. एकदा एका गिऱ्हाइकाची टाकी मी तीन वेळा रंगवली, पैसे एकदाच मिळाले. चकाकीसाठी शेवटी कार्नौबा मेण लावा, हातानं.

जुनाट_गाड्या | बुधवार, सकाळी ८:२५

धागा आवडला, वाचनखूण साठवली. अमोनियाचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. कोणी हात लावलेला नाही, नुसती ठेवलेली. त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडलं, कारण पावसाळा आला की सुरू. पुढं १९२१ मध्ये उलगडा झाला : काडतुसं तबेल्यांजवळ साठवलेली असायची, घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेत, आणि काडतूस ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की तडा. त्यामुळे पितळी पार्टला अमोनियाचं पॉलिश लावलं तर खाचाखोचांत राहू देऊ नका, पुसून घ्या.

आणि सायलेन्सरबद्दल कोणी बोललं नाही. भट्टीकर, क्रोमवर तुमचं नवं पॉलिशसुद्धा लावू नका. शोभेच्या क्रोमचा थर अर्धा मायक्रॉनसुद्धा नसतो, खाली निकेल असतं. खरी चकाकी निकेलची, क्रोम फक्त वरचं झाकण. तीन मायक्रॉनचा कण घासून तुम्ही झाकण उडवाल. एकदा उडालं की तिथं किंचित पिवळसर झाक येते. ते निकेल. मग उपाय फक्त प्लेटिंगवाल्याकडं.

क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं चोळा. फॉइल क्रोमपेक्षा कितीतरी मऊ, क्रोमला लागत नाही आणि गंज उचलते.

अवांतर : दसरा चौकात सीमोल्लंघनाला छत्रपतींची मेबॅक येते तेव्हा लोक सोनं लुटायला पळतात. मी मात्र गाडीकडंच बघत उभा असतो. दरवर्षी घरचे हसतात.

भट्टीकर | बुधवार, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. सायलेन्सरवरची वर्तुळं उद्या उन्हात नीट बघतो, पिवळं दिसतंय का. आत्ता बॅटरी मारून बघायची हिंमत नाही.

चांदीगल्ली | गुरुवार, सकाळी १०:१०

हुपरीहून. आमच्याकडं चांदीला रिठा. पण मुद्दा वेगळा, कापड. पॉलिश कितीही भारी करा, ज्या कापडानं क्रँककेस पुसलं त्यानंच पुढचा पार्ट पुसलात तर सगळी मेहनत वाया. कापडात मागची वाळू असते. प्रत्येक हाताला नवं कापड, जुनी मऊ सुती साडी किंवा धोतर सगळ्यात बरं. बनियन पण चालतं, शिवण काढून.

नदीकाठचा | गुरुवार, सकाळी ११:३५

+१ कापडाला. २०१९ च्या पुरात आमची बुलेट दोन दिवस पाण्यात होती. पाणी उतरल्यावर मी शहाण्यानं वाळलेला गाळ कोरड्या फडक्यानं पुसला. नदीचा गाळ म्हणजे बारीक वाळूच की. टाकीवरचं क्रोम तेव्हाच गेलं. आधी पाण्याचा फवारा, मग काय ते.

पुणेकर_तात्पुरता | गुरुवार, दुपारी १२:४०

मग अलॉय व्हीलला हेच पॉलिश चालेल का? (आता मलाही करून बघावंसं वाटायला लागलंय, हसू नये.)

जुनाट_गाड्या | गुरुवार, दुपारी १:०५

बहुतेक अलॉयवर पारदर्शक लॅकर असतो. कोपऱ्यात थोडं लावून फडकं बघा. फडकं काळं झालं तर उघडं ॲल्युमिनियम, लावा. काळं होत नसेल तर तुम्ही लॅकर घासताय, थांबा. आणि नव्या गाड्यांवर क्रोम म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं मुलामा दिलेलं प्लास्टिक असतं, त्याला साबणपाणी पुरे.

भट्टीकर | रविवार, दुपारी ४:१५

खेळ दुसरा. बेंटोनाइट निवळून रात्रभर भिजवलं, खडे खरंच निघाले, अर्धा चमचाभर. ॲल्युमिना तीन मायक्रॉनचा मिळाला. सगळं मॅडमच्या हिशेबानं वजन करून घेतलं. आईची ताकाची रवी मागितली तर तिनं रवी दिली नाही, शिव्या दिल्या. ड्रिलच वापरलं.

पहिली दहा मिनिटं साय धरल्यासारखं पांढरंशुभ्र. मग फुटलं! दूध नासतं तसं, वर पांढऱ्या चिकट गाठी. ट्रायइथेनॉलअमाइन खराब असेल का?

रसायनवाल्या_मॅडम | रविवार, संध्याकाळी ५:५०

पाणी कुठलं घेतलंत?

भट्टीकर | रविवार, संध्याकाळी ५:५३

शॉपच्या बोअरचं.

रसायनवाल्या_मॅडम | रविवार, संध्याकाळी ६:०२

तिथंच गेलं. जड पाण्यातलं कॅल्शियम तुमच्या साबणाला धरतं आणि कॅल्शियम ओलिएट बनतं, ते पाण्यात विरघळत नाही. बोअरच्या पाण्यात अंगाचा साबण फेसाळत नाही आणि बादलीला पांढरा मळ बसतो, तोच हा. त्या गाठी म्हणजे तोच मळ. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा.

बेंटोनाइटही त्याच पाण्यात भिजवलं असेल तर तेही पुन्हा करा. सोडियमवालं बेंटोनाइट जास्त फुगतं, कॅल्शियम मिळालं की त्याची फूग कमी होते.

मोल्डिंगवाला | रविवार, संध्याकाळी ६:२०

हे खरं हाय. आमच्याकडं पाणी बदललं की वाळूची ताकद बदलते, आमी बेंटोनाइटवाल्याच्या नावानं बोंब मारतो.

डेंटर_पेंटर | रविवार, रात्री ८:३०

मॅडम, आमच्या गॅरेजला एकदा या. बरीच कोडी आहेत.

भट्टीकर | बुधवार, रात्री १०:०५

बॅटरीचं पाणी वापरलं. चार दिवसांत एवढा खर्च झालाय की विकतच्या तीन बाटल्या आल्या असत्या. पुणेकर, तुम्ही जिंकलात.

पण जमलं. दाट ताकाएवढं झालंय. दोन दिवस बाटली हलवली नाही, तळाला बोट घालून बघितलं, वीट नाही. पीएच पट्टी ८ आणि ८.५ च्या मध्ये.

आधी स्क्रॅपमधल्या ॲल्युमिनियम पट्टीवर घेतलं. पट्टीचा अर्धा भाग झाकला, अर्ध्यावर नवी साडी (म्हणजे जुनी). फडकं लगेच काळं, मग दुसरं फडकं, तिसऱ्याला कागदावरची अक्षरं पट्टीत वाचता आली.

मग कव्हर. इथं एक गोष्ट कळली. एमरीनं पडलेल्या रेघा या पॉलिशनं गेल्या नाहीत, चकचकीत रेघा झाल्या फक्त.

जुनाट_गाड्या | बुधवार, रात्री १०:२२

लिक्विड पॉलिश रेघ भरत नाही, काढतही नाही. त्याआधी पाण्यातनं वॉटर पेपर मारावा लागेल : ८००, १०००, १५००, २०००. प्रत्येक नंबरला दिशा काटकोनात बदला. मागच्या नंबरच्या आडव्या रेघा पूर्ण गेल्या की मगच पुढचा. घाई झाली की ८०० ची एक रेघ राहते आणि ती शेवटी पॉलिश झाल्यावरच दिसते. हात दुखेपर्यंत करा, मग थोडं आणखी करा.

चांदीगल्ली | बुधवार, रात्री १०:४०

बफ मशिन असेल तर कापडी चाकावर घे, पण मोठं चाक पातळ कडा खातं. कव्हरवरचं नाव कोरलेलं असेल तर तिथं हातानंच.

रसायनवाल्या_मॅडम | गुरुवार, सकाळी ७:१५

दोन राहिलेल्या सूचना. गाडी फिरवून आल्या आल्या लावू नका. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते) ३५ अंशांपासून पुढं असतो, सायलेन्सर त्याच्या कितीतरी पलीकडं तापलेला असतो. वापरलेली फडकी गोळा करून बंद डब्यात कोंबू नका, उघड्यावर वाळवा. आणि बाटलीवर नाव लिहा. पांढरं, ताकासारखं दिसणारं द्रव घरात बिननावाचं ठेवायचं नसतं.

रंकाळ्यावर | गुरुवार, सकाळी ९:००

“दाट ताकाएवढं झालंय” वाचून मला पण हेच वाटलं. मसाला घालून एखादा पिऊन बसायचा.

पुणेकर_तात्पुरता | गुरुवार, सकाळी ९:३०

विकणार असाल तर एक बाटली माझी.

भट्टीकर | गुरुवार, रात्री ९:५०

विकायचं म्हटलं तर वजन, किंमत, तारीख, पत्ता सगळं बाटलीवर छापावं लागतं, आणि रॉकेलचा माल कुरिअरवाला घेणार नाही. कोल्हापूरला या, फुकट देतो. मिसळ तुमच्याकडून.

भट्टीकर | दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ११:२०

शेवटचा अहवाल. तीन संध्याकाळी वॉटर पेपर मारला. करंगळीचं नख गेलं. कव्हरमध्ये आता शॉपच्या ट्यूबलाइटचा उजेड सरळ रेघेत दिसतो. पॉलिशवर मेणाचा एक हात दिला. एका सायलेन्सरला आतल्या बाजूनं पिवळी झाक आलीच होती, ती बाजू भिंतीकडं करून गाडी उभी केली.

खंडेनवमीला वडील आले, गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून कव्हर बघितलं, अंगठा फिरवला. मग भिंतीकडं गेले आणि सायलेन्सरच्या नेमक्या त्याच जागेवर बोट ठेवून म्हणाले, “हितं काय केलंस?”

पेढा घेतला मात्र.

काल संध्याकाळी बघतो तर बाटली शॉपमध्ये नाही. वडील ती घरी घेऊन गेले होते आणि देवघरातली समई घासत बसले होते. समई चकाकली, पण देवघरात रॉकेलचा वास सुटलाय आणि आई दोघांशीही बोलत नाही. मॅडम, वास घालवायला काही आहे का?

रसायनवाल्या_मॅडम | दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी १२:०५

गरम पाणी, साबण, मग चिंचेचा कोळ. कोरडी करून खिडकीत ठेवा. वात लावायच्या आधी रॉकेल पूर्ण उडालंय याची खात्री करा.

आईंसाठी माझ्याकडं सूत्र नाही.

चांदीगल्ली | दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी १२:३०

रवी नवीन घेऊन द्या.